पगार (शब्द)

पगार हा मराठीतील एक पुल्लिंगी नामशब्द आहे. केलेल्या कामाबद्दल ठरावीक मुदतीने, बहुधा दरमहा, मिळणारा रोख मोबदला असा त्याचा अर्थ होतो. पोर्तुगीज भाषेतील 'पगार' (पैसे देणे, देणे चुकते करणे) या क्रियापदावरून तो मराठीत आला. पोर्तुगीज क्रियापदाचे मूळ लॅटिनमधील 'पाकारे' या क्रियापदात आहे. 'पाकारे'चा मूळ अर्थ पैशाशी संबंधित नव्हता. 'शांत करणे', 'शमवणे' आणि युद्धाच्या संदर्भात 'जिंकून मुकाट करणे' असे त्याचे अर्थ होते. या एकाच लॅटिन शब्दाचे वंशज आज युरोपातील व भारतातील अनेक भाषांत वावरतात. मात्र त्यांचे अर्थ पैसे देणे, समेट करणे, दिवा मालवणे, फळा पुसणे आणि महिन्याचे वेतन इतके दूरदूरचे झाले आहेत. अर्थांतराचे उदाहरण म्हणून 'पगार' हा शब्द विशेष उपयुक्त ठरतो, कारण तो सर्वांच्या नित्य वापरातला असूनही त्याचा परकेपणा फारसा कोणाला जाणवत नाही.

लॅटिनमधील मूळ

लॅटिनमध्ये 'पाक्स' या नामाचा अर्थ शांतता असा सांगितला जातो. परंतु हे नाम 'बांधणे, पक्के करणे' या अर्थाच्या धातुकुळातील आहे. 'पाक्तुम' म्हणजे करार हा शब्दही त्याच कुळातला. त्यामुळे 'पाक्स' म्हणजे मनाची निवांत अवस्था नव्हे, तर दोन पक्षांनी बांधून घेतलेला तह. मराठीतील 'शांतता' या शब्दापेक्षा 'तह' हा शब्दच मूळ अर्थाच्या अधिक जवळ जातो. तुलनात्मक भाषाशास्त्राचे अभ्यासक संस्कृतातील 'पाश' हा शब्दही याच इंडो-युरोपीय मुळाशी जोडतात. म्हणजे 'पगार' आणि 'पाश' हे दूरचे नातलग ठरतात. नोकरदार वाचकाला हे नाते पटवून देण्यासाठी फार पुराव्यांची गरज पडू नये.

'पाक्स' या नामापासून 'पाकारे' हे क्रियापद बनले. ज्यूलियस सीझर याने इ.स.पू. ५८ पासून चालवलेल्या गॉल प्रांतातील मोहिमांच्या स्वतःच्या वृत्तांतात हे क्रियापद वापरले आहे. तेथे 'शांत केलेला' प्रदेश म्हणजे रोमन सैन्याने पराभूत करून आज्ञेत आणलेला प्रदेश. पुढे ऑगस्टसच्या काळात 'पाक्स' ही देवता मानून रोममध्ये तिची वेदी उभारण्यात आली (इ.स.पू. ९). या शांततेची दुसरी बाजूही रोमन लेखकांना ठाऊक होती. टॅसिटस याने 'आग्रिकोला' या ग्रंथात कॅल्गाकस या ब्रिटनमधील सरदाराच्या तोंडी रोमन शांततेवरील जळजळीत टीका घातली आहे. तेव्हा आज महिन्याच्या पहिल्या आठवड्यात ज्या शब्दाने घराघरात समाधान पसरते, त्याच्या पूर्वजाचा एक अर्थ तलवारीच्या बळावर गप्प करणे असा होता.

शमवण्यापासून चुकते करण्यापर्यंत

अभिजात लॅटिनमध्ये पैसे देण्यासाठी 'पाकारे' वापरत नसत. त्यासाठी प्रामुख्याने दोन क्रियापदे होती. एक 'पेन्देरे', म्हणजे तोलणे. नाणी रूढ होण्यापूर्वी धातू तोलून दिला जात असे, त्याची ही खूण. 'पेन्शन' हा आपल्या परिचयाचा शब्द या क्रियापदापासून आला. दुसरे 'सोल्वेरे', म्हणजे सोडवणे, मोकळे करणे. ऋणाचे बंधन सोडवणे ही कल्पना त्यामागे आहे. मराठीतील 'फेडणे' या क्रियापदाशी याचे साम्य लक्षणीय आहे. नेसलेले वस्त्र फेडणे आणि कर्ज फेडणे या दोन्ही प्रयोगांत काहीतरी सुटते, मोकळे होते. गहाण 'सोडवणे' हाही तोच विचार.

उत्तरकालीन लॅटिनमध्ये या दोहोंच्या जोडीला 'पाकारे' येऊन बसले आणि बऱ्याच प्रदेशांत त्याने त्यांची जागा घेतली. हा बदल कसा घडला असावा हे समजणे कठीण नाही. ज्याचे पैसे थकले आहेत असा धनको हा चिडलेला, तगादा लावणारा माणूस असतो. त्याला शांत करण्याचा खात्रीचा उपाय एकच, त्याचे पैसे देऊन टाकणे. म्हणून 'धनकोला शांत करणे' याचा अर्थ 'धनकोचे पैसे चुकते करणे' असा झाला. प्रारंभी या क्रियापदाचे कर्म माणूस असे. पुढे ते ऋण झाले, आणि अखेरीस रक्कम. 'त्याला शमवले', 'त्याचे ऋण शमवले', 'शंभर दिले' अशा तीन पायऱ्या कल्पिल्या तर हा प्रवास ध्यानात येतो.

असे अर्थांतर केवळ लॅटिनपुरते मर्यादित नाही. लॅटिनमधील 'क्विएतुस' (निवांत) या विशेषणापासून इंग्रजीत 'क्वाएट' आणि 'क्विट' असे दोन्ही शब्द आले. त्यांतील 'क्विट'चा जुना अर्थ देण्यातून वा आरोपातून मोकळा झालेला असा होता. अरबी-फारसीतून आलेल्या 'फारिग' म्हणजे मोकळा या शब्दापासून मराठीत 'फारखत' हा ऋणमुक्तीच्या दस्तऐवजाचा शब्द रूढ झाला. तो आज 'फारकत' या रूपात केवळ ताटातुटीसाठी उरला आहे. मराठीतील 'भागवणे' या क्रियापदात तर लॅटिनचीच जोडी जशीच्या तशी दिसते. तहान भागवली जाते, आणि घरखर्चही भागवला जातो. तहान व देणेकरी या दोहोंना शमवल्यावाचून गत्यंतर नसते, हे मराठीने स्वतंत्रपणे ओळखले आहे.

युरोपीय भाषांतील वाटा

लॅटिनपासून निघालेल्या बहुतेक भाषांत पैसे देण्याचा अर्थ स्थिरावला. पोर्तुगीज व स्पॅनिशमध्ये 'पगार', इटालियनमध्ये 'पगारे', फ्रेंचमध्ये 'पेये' अशी रूपे झाली. तथापि शमवण्याचा जुना अर्थ पूर्णपणे नाहीसा झाला नाही; तो कोनाकोपऱ्यांत टिकून राहिला. इटालियनमधील 'पागो' या विशेषणाचा अर्थ तृप्त, समाधानी असा आहे. स्पॅनिशमध्ये स्वतःवरच खूश असलेल्या, आत्मसंतुष्ट माणसाचे वर्णन करताना 'पगादो' हे रूप वापरतात. शब्दशः पाहिल्यास 'स्वतःनेच चुकता झालेला' असा गमतीचा अर्थ निघेल, परंतु येथे जुना 'संतुष्ट' हा अर्थ गृहीत धरावा लागतो.

याहून वेगळी वाट 'अपगार' या शब्दाने धरली. 'पगार'ला 'अ' हा उपसर्ग लागून बनलेले हे क्रियापद स्पॅनिश व पोर्तुगीज या दोन्ही भाषांत आहे. त्याचा अर्थ विझवणे, मालवणे. आग शमवली जाते, तसा दिवाही शमवला जातो. विजेचे दिवे आल्यावर 'बटण बंद करणे' यासाठी तोच शब्द चालू राहिला. पोर्तुगीजमध्ये त्यापुढे जाऊन 'पुसून टाकणे' हाही अर्थ आला, आणि आज संगणकावरील मजकूर काढून टाकण्यासाठी पोर्तुगीज भाषक हेच क्रियापद वापरतात. फळा पुसण्याच्या डस्टरला पोर्तुगीजमध्ये 'अपगादोर' म्हणतात. वर्गातील डस्टर आणि वर्गात शिकवणाऱ्याचा पगार हे दोन्ही एकाच लॅटिन क्रियापदाची संतती आहेत, ही गोष्ट शब्दांच्या इतिहासात रस असणाऱ्या कोणाही शिक्षकाला आवडेल.

रुमानियन भाषेने उलट दिशा घेतली. तेथे 'पाक्स'च्या कुळातून आलेल्या 'अंपका' या क्रियापदाचा अर्थ समेट घडवणे, मनोमिलन करणे असा आहे. पैसे देण्यासाठी मात्र रुमानियनने शेजारच्या स्लाव्ह भाषांकडून 'प्लती' हा शब्द उसना घेतला. म्हणजे लॅटिनचा मूळ अर्थ तिने जपला आणि पैशाचा व्यवहार परक्या शब्दावर सोपवला.

इंग्रजीतील 'पे' हे क्रियापद जुन्या फ्रेंचमधून सुमारे इ.स. १२०० च्या आसपास आले. आरंभी इंग्रजीतही त्याचा 'संतुष्ट करणे' हा अर्थ होता; तो इ.स. १५०० पर्यंत लोप पावला. 'पीस' (शांतता) हा शब्दही फ्रेंचमार्गेच आला. 'अपीझ' म्हणजे नमते घेऊन शांत करणे हे क्रियापदही याच घराण्यातले. १९३८ च्या म्युनिक करारानंतर त्याला राजकारणात जो हिणकस रंग चढला तो अद्याप उतरलेला नाही. १५२० मध्ये मॅगेलनने ज्या महासागराला शांत समजून 'पासिफिको' हे नाव दिले, तो पॅसिफिक महासागर आपण मराठीत 'प्रशांत महासागर' असा अचूक अनुवादित केला आहे. आयरिश भाषेत तर 'पाक्स'च्याच एका रूपापासून 'पोग' हा चुंबनाचा वाचक शब्द झाला. ख्रिस्ती उपासनेत शांतीची खूण म्हणून परस्परांचे चुंबन घेण्याची प्रथा होती, तिच्यातून हा अर्थ आला.

उच्चारातील बदल

'पाकारे'तील 'क'चा पोर्तुगीज-स्पॅनिशमध्ये 'ग' झाला. दोन स्वरांमध्ये सापडलेला 'क' घोष होऊन 'ग' होणे ही त्या भाषांतील नियमित प्रक्रिया आहे. लॅटिन 'अमिकुस'चे (मित्र) 'अमिगो' झाले ते याच नियमाने. मराठीच्या विद्यार्थ्याला ही प्रक्रिया नवी नाही. संस्कृत 'मकर' या शब्दाचे प्राकृतातून 'मगर' असे रूप झाले, तेथे हाच नियम दिसतो. फ्रेंचमध्ये हा 'ग'ही पुढे झिजून गेला आणि 'पेये' हे रूप उरले. त्यालाही मराठीत प्रतिरूप आहे. 'नगर' शब्दातील 'ग' प्राकृतात लोपला आणि अमळनेर, संगमनेर, पारनेर या गावांच्या नावांत 'नेर' तेवढे शिल्लक राहिले. हजारो कोसांच्या अंतरावरील दोन भाषासमूहांनी एकमेकांचे काहीही न ऐकता उच्चाराचे हेच वळण घेतले.

मराठीत आगमन

पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा जिंकले. १५३४ मध्ये गुजरातचा सुलतान बहादूरशहा याच्याशी झालेल्या तहान्वये वसई व भोवतालचा मुलूख त्यांच्याकडे आला. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसईचा किल्ला घेईपर्यंत, म्हणजे दोनशेहून अधिक वर्षे, उत्तर कोकणाच्या मोठ्या भागावर त्यांची सत्ता होती. वसई, साष्टी, ठाणे, चौल येथे त्यांची ठाणी होती. मुंबईचे बेट १६६१ च्या विवाहकरारानुसार इंग्रजांना देण्याचे ठरले आणि १६६५ मध्ये ते प्रत्यक्ष हस्तांतरित झाले. त्यानंतरही पश्चिम किनाऱ्यावरील व्यापारात पोर्तुगीज ही परस्पर संपर्काची भाषा म्हणून दीर्घकाळ वापरात राहिली.

या सहवासातून मराठीत आलेल्या शब्दांपैकी अनेक मूळचे लॅटिन आहेत. 'पाव' हा लॅटिन 'पानिस'पासून, 'चावी' हा 'क्लाविस'पासून, 'पाद्री' हा 'पातेर' म्हणजे पिता या शब्दापासून, 'घमेले' हा 'कामेल्ला' या भांड्याच्या नावापासून पोर्तुगीजमार्गे आला. यांपैकी बहुतेक शब्द वस्तूंची नावे आहेत. वस्तू आली, तिच्याबरोबर नाव आले, आणि अर्थ फारसा हलला नाही. 'पगार' हा त्यांच्यात वेगळा आहे. तो वस्तूचे नाव नसून एका व्यवहाराचे, किंबहुना एका संबंधाचे नाव आहे.

व्याकरणाच्या दृष्टीनेही त्याची कथा लक्षणीय आहे. पोर्तुगीजमध्ये 'पगार' हे क्रियापदाचे मूळ रूप असून त्यातील अखेरचा 'आर' हा प्रत्यय आहे, जसा मराठीत 'देणे'मधील 'णे'. मराठी कानांना तो प्रत्यय कळण्याचे कारण नव्हते. त्यांनी संपूर्ण शब्द नाम म्हणून स्वीकारला, त्याला पुल्लिंग दिले आणि पगाराला, पगाराचा, पगारात अशी रूपे चालवली. पोर्तुगीजमध्ये मोबदला या अर्थी 'पागा' हे नामही आहे; परंतु मराठी शब्दातील 'र' क्रियापदाचीच साक्ष देतो. शिवाय मराठीत घोड्यांच्या तबेल्याला 'पागा' हा फारसीतून आलेला शब्द आधीपासून होता. पोर्तुगीज भाषक स्वतः मासिक वेतनाला 'सालारिओ' किंवा 'ओर्देनादो' म्हणतात. 'आज माझा पगार झाला' याचा अर्थ लिस्बनच्या रहिवाशाला समजावून सांगावा लागेल.

गोव्यात जन्मलेले भाषापंडित मोन्सिन्योर सेबाश्तियांव रोदोल्फो दाल्गादो (१८५५–१९२२) यांनी आशियाई भाषांतील पोर्तुगीज शब्दांचा संग्रह १९१३ मध्ये प्रसिद्ध केला. या विषयावर काम करणाऱ्यांसाठी तो आजही आधारभूत ग्रंथ आहे. मराठीपुरते पाहायचे तर मोल्सवर्थ यांच्या मराठी-इंग्रजी शब्दकोशात 'पगार' शब्दाची नोंद आढळते.

पगारापूर्वीचे शब्द

हा शब्द येण्यापूर्वी मराठीत मोबदल्यासाठी शब्दांची वाण नव्हती. संस्कृत 'वेतन' प्राचीन आहे. कौटिलीय अर्थशास्त्रात 'भक्तवेतन' म्हणजे अन्न व वेतन असा जोडशब्द येतो, आणि मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात अठरा व्यवहारपदांमध्ये, म्हणजे वादाच्या प्रकारांमध्ये, वेतन न देणे हा एक स्वतंत्र प्रकार मानला आहे. कामाचे पैसे बुडवणे ही तक्रार किती जुनी आहे याचा हा पुरावा होय. मध्ययुगीन कारभारात फारसी-अरबी शब्दांचे प्राबल्य होते. सैनिकांना मिळे तो 'रोजमुरा'; महिन्याच्या हिशेबाने मिळे तो 'मुशाहिरा' किंवा 'दरमहा'; अंगमेहनतीची ती 'मजुरी'. गावगाड्यात बलुतेदाराला वर्षाकाठी धान्याच्या रूपाने बलुते मिळे. 'तनखा' हा शब्द फारसी 'तनख्वाह'शी जोडला जातो. हिंदी-उर्दूत तो साध्या पगाराचा वाचक आहे, मराठीत मात्र तो संस्थानिकांना मिळणाऱ्या वार्षिक रकमेपुरता उरला आणि १९७१ च्या सव्विसाव्या घटनादुरुस्तीने तनखेच रद्द झाल्यावर इतिहासाच्या पुस्तकांत गेला.

इतके शब्द असताना परका शब्द का रुजला, याचे एक संभाव्य कारण असे की, वरील प्रत्येक शब्द कोणत्या तरी विशिष्ट वर्गाला किंवा व्यवस्थेला चिकटलेला होता. मालकाने ठरलेल्या दिवशी रोख रक्कम हातावर ठेवायची, मग नोकर शिपाई असो, खलाशी असो की आचारी, या नव्या व्यवहाराला कोणताही जुना रंग नसलेला शब्द सोयीचा पडला असावा.

मराठीतील अर्थ व वापर

मराठीत 'पगार' देताघेता येतो, तसा तो 'होतो'. 'पगार झाला' या प्रयोगात देणारा अदृश्य असतो. पाऊस झाला, तसा पगार झाला. तो वाढतो, कापला जातो, अडतो आणि 'थकतो'. 'थकीत पगार' या शब्दप्रयोगात थकवा रकमेला येतो, प्रत्यक्षात थकलेला असतो तो कामगार. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या मुंबईतील गिरणी संपाच्या आणि त्यानंतरच्या कारखानाबंदीच्या काळात 'थकीत पगार' व 'थकीत देणी' हे शब्द वर्तमानपत्रांच्या नित्य परिचयाचे झाले.

साधित शब्दांची संख्याही मोठी आहे. पगारदार, पगारवाढ, पगारपत्रक, भरपगारी व बिनपगारी रजा हे कार्यालयीन शब्द होत. 'पगारी' हे विशेषण मात्र काही वेळा तुच्छतादर्शक होते. 'पगारी नोकर' किंवा 'पगारी वक्ता' असे म्हटले की, निष्ठेपेक्षा पैशासाठी काम करणारा असा ध्वनी उमटतो. बिनपगारी फुल अधिकारी या रूढ म्हणीत त्याच्या उलट थट्टा आहे.

शासकीय व्यवहारात 'वेतन' आणि बोलण्यात 'पगार' अशी वाटणी झालेली आहे. भाषा संचालनालयाच्या परिभाषेत वेतन, वेतनश्रेणी, वेतननिश्चिती हेच शब्द आहेत. सेवापुस्तिकेत वेतन नोंदवले जाते, शिक्षकांच्या खोलीत चर्चा पगाराची होते. आयोग वेतनाचा बसतो, थकबाकी पगाराची मिळते. 'वेतन' शब्द शुद्ध व 'पगार' अशुद्ध असे काहींचे मत असते. चार शतकांच्या वापराने मराठीच्या विभक्ती, समास व म्हणी यांत सामावलेला शब्द परका मानावा काय, हा प्रश्न त्यांनी विचारात घ्यावयास हवा.

शेजारच्या भाषा आणि उल्हास खोरे

गुजरातीत 'पगार' याच रूपात व याच अर्थी रूढ आहे. कन्नडमध्ये, विशेषतः उत्तर कर्नाटकात, 'पगार' ऐकू येतो. सिंधीत मोबदल्याला 'पघार' म्हणतात आणि तेथे तो स्त्रीलिंगी आहे. मुंबईच्या हिंदीत तो सर्रास आहे, परंतु उत्तर भारतातील प्रमाण हिंदी 'वेतन' व 'तनख्वाह' यांवर भागवते. हा प्रदेश नकाशावर रेखाटला तर त्याचा आकार ओळखीचा वाटतो. गुजरात, महाराष्ट्र, धारवाड-बेळगावचा भाग आणि १९३६ पर्यंतचा सिंध हे सर्व जुन्या मुंबई इलाख्यात होते. पोर्तुगीजांनी किनाऱ्यावर सोडलेला शब्द मुंबईच्या कचेऱ्या, गोद्या व गिरण्यांनी अंतर्भागात नेला, असे अनुमान यावरून करता येते.

गोव्यातील कोंकणीतही 'पगार' आहे. तथापि पैसे देण्याच्या क्रियेला कोंकणीत 'फारीक करप' असे म्हणतात. साडेचारशे वर्षे पोर्तुगीज राज्य अनुभवलेल्या भूमीने क्रियापद अरबी-फारसी कुळातले ठेवले आणि पोर्तुगीज क्रियापदाचे नाम केले.

अंबरनाथ, उल्हासनगर व बदलापूर हा पट्टा या शब्दाच्या दृष्टीने एक चांगले निरीक्षणस्थळ आहे. अंबरनाथच्या शिवमंदिरातील शके ९८२ (इ.स. १०६०) चा शिलाहारकालीन लेख संस्कृतात आहे, त्या काळी येथे 'पगार' शब्द असण्याचा प्रश्नच नव्हता. विसाव्या शतकात मात्र आगपेट्यांचा कारखाना, आयुधनिर्माणी, शहाडचा रेयॉनचा कारखाना आणि पुढे औद्योगिक वसाहती यांमुळे हा सारा परिसर मासिक पगारावर जगणारा झाला. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत आलेल्या सिंधी निर्वासितांच्या वसाहतीला ८ ऑगस्ट १९४९ रोजी उल्हासनगर हे नाव मिळाले. घाट, कोकण, गुजरात आणि सिंध येथून आलेल्या माणसांना एकमेकांच्या भाषेतील पुष्कळ शब्द नव्याने शिकावे लागले. हा एक शब्द ती सर्व आपापल्या गावाहून बरोबर घेऊन आली होती.

कारखान्यांच्या पगाराचा दिवस १९३६ च्या वेतन प्रदान कायद्याने बांधून दिला. वेतनाची मुदत एक महिन्याहून अधिक असू नये, आणि हजाराहून कमी कामगार असतील तर मुदत संपल्यापासून सातव्या दिवसापूर्वी, अन्यथा दहाव्या दिवसापूर्वी पैसे द्यावेत, असे त्यात ठरवले होते. 'सात तारीख' या शब्दांना कामगार वस्त्यांत जे वजन होते ते या तरतुदीमुळे. पगाराचे पाकीट घरी येण्यापूर्वी त्यातील काही भाग 'उचल' म्हणून आधीच घेतलेला असे. उरलेल्यातून सर्वप्रथम वाण्याच्या उधारीच्या वहीतील आकडा खोडला जाई, कारण त्याशिवाय नव्या महिन्याचे रेशन मिळत नसे. धनकोला शमवणे हा 'पाकारे'चा उत्तरकालीन लॅटिन अर्थ येथे अक्षरशः आचरणात होता.

दुसऱ्यांदा आलेला तोच शब्द

इंग्रजीच्या द्वारे हा लॅटिन शब्द मराठीत पुन्हा आला. 'पेमेंट' आणि 'पेस्लिप' हे शब्द आता सर्वत्र आहेत, आणि फोनपे, गूगल पे या नावांतील 'पे' भाजीच्या गाडीपर्यंत पोहोचला आहे. एकाच मुळाचे दोन शब्द दोन वाटांनी एका भाषेत आले की त्यांच्यात कामाची विभागणी होते. येथेही तसे झाले. 'पगार' हा नोकराचा, नियमित आणि महिन्याचा; 'पेमेंट' हे व्यवहाराचे, एकरकमी, कंत्राटदाराचे. औद्योगिक वसाहतींत मात्र ही सीमा अलीकडे पुसट होत आहे. कायम कामगार 'पगार झाला का?' असे विचारतो, तर कंत्राटी कामगार पुष्कळदा 'पेमेंट आलं का?' असे. शब्दाची ही निवड सहज घडत असली तरी नोकरीच्या स्वरूपातील फरक तिच्यात उमटलेला आहे.

रूढ गैरसमज

रोमन सैनिकांना पगार मिठाच्या रूपाने मिळत असे, ही कथा पुष्कळदा सांगितली जाते. तिचा संबंध 'पगार'शी नसून इंग्रजी 'सॅलरी'शी आहे. 'सॅलरी'चे मूळ लॅटिन 'सालारिउम' असून तो शब्द 'साल' म्हणजे मीठ यापासून बनला, हे खरे. थोरला प्लिनी यानेही हा संबंध नोंदवला आहे. परंतु सैनिकांना प्रत्यक्ष मीठ वाटले जाई, असे सांगणारा प्राचीन आधार मिळत नाही. सैनिकाच्या वेतनाला लॅटिनमध्ये 'स्तिपेन्दिउम' म्हणत. आजचा 'स्टायपेंड', म्हणजे विद्यावेतन, तो हाच. तमिळमधील 'संबळम्' (पगार) या शब्दाचीही भात व मीठ अशी फोड लोकांत सांगितली जाते. खाल्ल्या मिठाला जागणे ही कल्पना आपल्याकडे इतकी खोल रुजलेली आहे की, अशा व्युत्पत्ती ऐकताक्षणी खऱ्या वाटतात.

'पगार' हा शब्द संस्कृत 'प्राकार'पासून आला, असेही क्वचित मांडले जाते. अर्धमागधीत 'प्राकार'चे 'पागार' असे रूप होते. पण त्याचा अर्थ तट, भिंत असा आहे आणि भिंतीपासून वेतनापर्यंत पोहोचणारी अर्थाची वाट कोठेही दिसत नाही. मलाय भाषेतील 'पगार' म्हणजे कुंपण. त्याचाही या शब्दाशी संबंध नाही. तसेच नव्या पिढीत पगाराऐवजी वापरला जाणारा 'पॅकेज' हा शब्द उच्चाराने जवळचा वाटला तरी लॅटिन 'पाकारे'चा वंशज नाही. गाठोडे या अर्थाच्या जर्मानिक शब्दापासून तो आला आहे.

हेही पहा: वेतन, बलुतेदारी, मराठीतील पोर्तुगीज शब्द, अर्थांतर, उल्हासनगर, अंबरनाथ